फुलवंताच्या नावाचा खेकडा

४ जुलै

कॉलेजात पेढे. वाटलं कुणाला नातू झाला असेल. प्राणिशास्त्राचे कटरे सर डबा घेऊन थेट आमच्या फिजिक्स लॅबमध्ये. "पटले बाई, तोंड गोड करा. फुलवंताचा खेकडा नवीन निघाला!"

गेल्या सप्टेंबरात पुण्याहून डॉ. अनघा मॅडम आल्या होत्या, खेकड्यांवर संशोधन करतात त्या. सालेकशाकडे फुलवंताच्या गावाजवळ जो नाला आहे, तिथून त्यांनी बाटल्या भरून खेकडे नेले. त्यातला एक जगात कुठंच नोंदलेला नाही म्हणे. काल फोन आला. आणि नाव देणार फुलवंताचं.

फुलवंता उईके. झूलॉजीची लॅब अटेंडंट. सातवी पास. वीस वर्षं बरण्या धुते, बेडकांचे ट्रे पुसते. मी बी.एस्सी. फिजिक्स, सहाय्यक, तिच्यापेक्षा एक पायरी वर. आणि त्या दिवशी नाल्यावर मीही होते. तिनेच नेलं होतं, "चाल ना बाई, सुट्टीच हाय" म्हणून.

पेढा खाल्ला. अभिनंदन म्हटलं. मिठीही मारली. तिच्या अंगाला फॉर्मलिनचा वास येतो, इतक्या वर्षांत कधी खटकला नव्हता.

७ जुलै

नाव कसं देतात ते कटरे सरांनी आज चहाच्या वेळी सांगितलं. पहिला शब्द वंशाचा, दुसरा त्या जातीचा. बाईचं नाव असेल तर शेवटी 'ए' लागतो. म्हणजे फुलवंताए. आणि ते कायमचं. पुढे कुणालाही बदलता येत नाही.

आमगाव स्टेशनवर गाडीची वाट बघत तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. सुनंदाए. बरं वाटतं कानाला. शेजारची बाई म्हणाली, "हमसे कुछ बोले क्या?" नाही म्हटलं आणि पुढच्या बाकावर जाऊन बसले.

१० जुलै

फु. आता "माझा खेकडा" म्हणते. मोबाईलात त्याचा फोटो आहे, तो प्राचार्यांना दाखवला, शिपायांना दाखवला, कँटीनवाल्याला दाखवला. कँटीनवाला म्हणाला, "दीदी, ये तो हम भी खाते हैं."

"दुसरा खातेस तू," फु. म्हणाली. "हा लहान राहते. पायाच्या सांध्याले जांभळा राहते. नीट पाह्य."

सगळे वाकून बघत होते. मी लांबूनच पाहिला. खेकड्यासारखा खेकडा.

१४ जुलै

समिती येणार आहे तपासणीला, पुढच्या महिन्यात. प्राचार्यांनी ठरवलं, हॉलमध्ये कॉलेजातल्या सगळ्या संशोधनाचे तक्ते लावायचे. अक्षर चांगलं म्हणून मराठी मजकूर लिहायचं काम माझ्याकडे. दरवेळचंच.

तर आज सगळ्यांचे कागद घेऊन बसले. कुणीतरी मोहफुलं उमलण्याआधी रात्रीचं तापमान किती असावं लागतं ते मोजलंय. भूगोलवाल्यांनी तलावांतला गाळ. मानसशास्त्राच्या मेश्राम मॅडम एकत्र काम करणाऱ्या माणसांना एकमेकांच्या यशाबद्दल काय वाटतं ते शोधून राहिल्या. आणि आमचे बोरकर सर, धानाच्या बांधीत औषध फवारल्यावर पाण्याचा पृष्ठताण किती बदलतो.

बोरकर सरांचं रीडिंग न् रीडिंग माझं. तीन पावसाळे. केशनळीत पाणी किती चढलं ते मायक्रोस्कोपला डोळा लावून बघायचं, लिहायचं, नळी धुवायची, वाळवायची, पुन्हा. तेव्हापासून उजवा डोळा पाणावतो. पेपर छापून आला तेव्हा सरांनी दाखवला. शेवटी एक ओळ होती, प्रयोगशाळा कर्मचाऱ्यांचे आभार. कर्मचारी म्हणजे मी. एकटीच आहे मी फिजिक्सला.

हॉलच्या मधोमध खेकडा राहणार. फिजिक्स बाथरूमच्या बाजूच्या भिंतीला.

१६ जुलै

खेकड्याचा तक्ता लिहिला. कटरे सरांच्या कागदावर होतं, "आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळा परिचर श्रीमती फुलवंता उईके यांनी शोधलेली खेकड्याची नवी जात." मी लिहिलं, "यांच्या मदतीने मिळालेली." मुद्दाम नाही. म्हणजे मुद्दामच. पेन 'यांनी'वर थांबलं होतं चांगलं मिनिटभर.

तसं पाहिलं तर खोटं काय आहे त्यात? शोधली मॅडमने. पुण्यात, मायक्रोस्कोपखाली. नराच्या पोटाखाली काही एक अवयव असतो, त्याच्या वळणावरून जात ठरते. ते वळण फु.ने थोडंच पाहिलं?

१८ जुलै

फु. तक्ता वाचून आली. बोट ठेवून वाचते ती, सावकाश.

"बाई, मदतीने म्हंजे?"

"म्हणजे तू मदत केलीस."

"कोणाले?"

"मॅडमला."

"मॅडम तं नाल्यात उतरूनच नाई राहिली होती. जळवा पाहून भेली होती." मग माझ्याकडे बघत राहिली. "राहू दे. तुले जसं लिहा वाटलं तसं लिहिलं तू."

म्हटलं जागा कमी होती, म्हणून. 'यांनी शोधलेली' हे 'यांच्या मदतीने मिळालेली'पेक्षा लहान आहे. तिच्याही लक्षात आलं असेल. गेली.

२१ जुलै

मेश्राम मॅडमनी प्रश्नावली वाटली. नाव लिहायचं नाही. पाचव्या नंबरला, "सहकाऱ्याला यश मिळाल्यास मला मनापासून आनंद होतो." पाच चौकटी. मी 'पूर्णपणे सहमत'वर खूण केली. पेनाने. नाव लिहायचं नव्हतं, तरी.

असं संशोधन कसं करतात देव जाणे. पारा किती चढला हे सांगायला थर्मामीटरला लाज वाटत नाही. मी मॅडमना म्हटलं तसं. त्या हसल्या, म्हणाल्या, "खोटं बोलणाऱ्यांसाठीही आत प्रश्न असतात, पटले बाई. तोच प्रश्न पुढे उलटा करून विचारलेला असतो."

मग आठवलं. सतराव्याला होतं, "सहकाऱ्याच्या यशात नशिबाचा भाग मोठा असतो." तिथेही मी पूर्णपणे सहमत.

२५ जुलै

आज घरी भांडी घासता घासता सगळं आठवलं.

नाल्यावरचा तो दिवस. मी साडी खोचून पाण्यात उतरले होते. एक चपटा दगड उचलला. खालचं पाणी गढूळ झालं, मग निवळलं, आणि त्यात खेकडा. मी ओरडले. मॅडम धावत आल्या, बाटली पुढे केली. फु. तेव्हा लांब होती, काठाला.

म्हणजे पहिला मी काढला. हे मला स्पष्ट दिसतंय. दगडावरचं शेवाळ दिसतंय. मग तो कोणता होता? कशावरून तो हा नव्हे?

इतके दिवस का नाही आठवलं?

२७ जुलै

ह्यांना सांगितलं. हे दुकानातून जेवायला आले होते. म्हणाले, "मग काऊन नाही बोललीस तेव्हा?" म्हटलं तेव्हा कुठं माहीत होतं की तो नवीन आहे. हे म्हणाले, "छोड ना. जंगल की औरत है, केकड़ा वो नहीं पकड़ेगी तो क्या तू पकड़ेगी?" आणि हसले.

मीही हसले.

हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते. आमच्या घरात आजही लोक सालेकशाकडच्या माणसांबद्दल असंच बोलतात, आणि मी वीस वर्षं फु.सोबत एका डब्यातून जेवते, आणि हसले. पेढे वाटले गेले त्या दिवशी तिच्या अंगाचा वास जो खटकला, त्यात थोडं हेही होतं का? की ती? तिचं नाव? माझ्याआधी?

ह्यांनी आणखी पोळी मागितली. वाढली.

२८ जुलै

डॉ. अनघा मॅडमना मेसेज केला. तीनदा लिहून खोडला. शेवटी: "नमस्कार मॅडम. नोंद अचूक राहावी म्हणून कळवते. गेल्या वर्षी नाल्यावर तो खेकडा प्रथम मी दगडाखालून काढला होता असे मला आठवते. गैरसमज नसावा. सुनंदा पटले, बी.एस्सी."

बी.एस्सी. कशाला लिहिलं.

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

३१ जुलै

मॅडमचा फोन. मी लॅबमध्ये, बाजूला बारावीची पोरं. बाहेर व्हरांड्यात आले.

मॅडम रागावल्या नव्हत्या, ते जास्त वाईट. शांतपणे म्हणाल्या, "सुनंदाताई, बाटलीवर मी तारीख आणि जागा लिहिली, कुणी पकडला ते लिहिलं नाही. ती माझी चूक. पण पेपरमध्ये आम्ही लिहिलंय की फुलवंताताईंनी तो दाखवला, म्हणून हे नाव. त्यात शंका असेल तर मला तसं छापता येणार नाही. छपाई थांबवावी लागेल. तुम्हाला खात्री आहे का?"

"हो," म्हटलं.

"मग मी त्यांनाही विचारते. तुम्ही दोघी बोला आणि पुढच्या सोमवारपर्यंत मला एकच काय ते सांगा."

खात्री आहे का विचारलं तेव्हा "आठवतं तसं" म्हणता आलं असतं. "हो" म्हटलं.

१ ऑगस्ट

फु. सकाळी गाडीतून उतरली ती सरळ माझ्याकडे. पिशवी टेबलावर आपटली. आत सोडियम लॅम्प चालू होता, तिचं तोंड पिवळं दिसत होतं.

"का सांगतलं तू पुण्याच्या बाईले?"

मी सांगितलं. दगड, गढूळ पाणी, ओरडणं.

"दगड?" ती म्हणाली. "दगडाखालून?"

"हो."

"मग मले काऊन नाई म्हटलं? इथं रोज संग जेवतो आपण. मले म्हणतीस, मी म्हटलं असतं बरं, तुह्यं लिहू. पण तू माह्या मांगून गेलीस."

तिचा आवाज खाली आला. तो खाली आला तेव्हाच मला भीती वाटली.

"माह्या नावाचं काहीच नाई, बाई. जमीन नवऱ्याच्या नावानं. घर सासऱ्याच्या. पोरगी नर्सिंगले आहे गोंदियात, तिच्या कागदावर बापाचं नाव. हे एक आलं. माह्या पोरीनं हॉस्टेलमधल्या साऱ्या पोरींले सांगतलं. गावातल्या शाळेत मास्तरनं फळ्यावर लिहिलं. आता का सांगू? पटले बाईनं नेलं म्हणून?"

मी म्हणायला गेले, माझ्याही नावाचं काय आहे. बी.एस्सी.चं सर्टिफिकेट आहे, तेसुद्धा माहेरच्या नावाचं, ते नाव आता कुणी घेत नाही. पण म्हटलं नाही. तिच्या बोलण्यापुढे ते फार छोटं पडलं असतं. आणि त्याचाही राग आला. दुःखातसुद्धा ती माझ्या पुढे!

जाताना म्हणाली, "रविवारी ये गावले. नाल्यावर जाऊ. तिथं दाखव तुहा दगड."

३ ऑगस्ट

गेले. हे म्हणाले कशाला जातेस. गेले.

सालेकशाला उतरले, तिथून ऑटो, मग चालत. धानाच्या रोवण्या सुरूच होत्या, बांधीत बाया वाकलेल्या. फु. रस्त्यावर उभी होती. घरी नेलं नाही. दरवेळी आधी घरी नेते, चहा, मग बाकीचं. आज सरळ नाल्याकडे.

पाणी गुडघाभर. तिने लुगडं खोचलं आणि पाण्यात न उतरता काठाच्या मातीवर पालथी झोपली. मातीत भोकं होती, मुठीएवढी, अर्धी गवताने झाकलेली. एकात हात घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. गाल चिखलाला टेकला होता, डोळे मिटलेले. मी उभी. एकदा तिचं तोंड कळवळलं, नांगी लागली असणार, पण हात काढला नाही. मग हळूहळू बाहेर काढला.

लहानसा. पाठ तपकिरी. पायांच्या सांध्यांना जांभळट. फोटोतला तोच.

"हा दगडाखाली राहतच नाई," ती म्हणाली. "हा भोकात राहते. माह्या मायनं दाखवला होता, दुखण्यात याचा रस्सा देतेत म्हणून. म्हणून मले मालूम होता. मॅडमले मीच म्हटलं, हा अलग आहे, याले पाह्य."

म्हटलं, "एका बिळावरून काय कळतं. कधीतरी दगडाखालीही जात असेल."

"मग पाह्य ना दगड."

बोरकर सर नेहमी म्हणतात, एका रीडिंगवर विसंबू नका. मी पाण्यात उतरले. चपटा दगड उचलला. खेकडा होता. काळा, मोठा. दुसरा दगड उचलला, काहीच नाही. तिसऱ्याखाली काळा. मी पुढे पुढे जात राहिले. नाला वळतो तिथपर्यंत, आणि मग दुसऱ्या काठाने परत. उचलायचा, पाणी निवळायची वाट बघायची, बघायचं, दगड जागेवर ठेवायचा. किती उचलले मोजले नाहीत. ऊन चढलं. कंबर गेली. साडी मांडीपर्यंत भिजली. बोटाला एकाने धरलं, रक्त आलं. सगळे काळे. जांभळ्या सांध्याचा एकही नाही.

फु. काठावर बसून बघत होती. हसली नाही, बस म्हणाली नाही. किती वेळाने म्हणाली, "आणखी किती राहिले, बाई?"

मी दगड खाली ठेवला.

तेव्हा खरोखर आठवलं. त्या दिवशी मी दगड उचलला होता, ओरडलेही होते, मॅडम आल्याही होत्या. त्या हसल्या होत्या. "हा आपला नेहमीचा," असं म्हणून त्यांनी तो काळा खेकडा माझ्या हातातून घेतला आणि पाण्यात सोडून दिला. बाटली पुढे केली ती फु.च्या दिशेला. बाटलीचं मी नंतर जोडलं. कधी जोडलं ते नाही सांगता येत. खोटं बोलत होते असंही नाही. मला ते दिसत होतं.

"फुलवंता, माझी चूक झाली."

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "तुले मालूम व्हावं म्हणून आणलं."

तिने तो खेकडा परत बिळाच्या तोंडाशी ठेवला. तो क्षणभर थांबला आणि मागे मागे आत गेला.

स्टेशनपर्यंत सोडायला आली नाही.

४ ऑगस्ट

मॅडमना लिहिलं. या वेळी खोडलं नाही. "माझ्या आठवणीत चूक होती. मी काढला तो दुसरा, नेहमीचा खेकडा. काल नाल्यावर जाऊन खात्री केली. हा बिळात राहतो, दगडाखाली मिळत नाही. तो फुलवंतानेच काढला, आणि वेगळा आहे हेही तिनेच तुम्हाला सांगितले. कृपया छपाई थांबवू नये."

मॅडमचं उत्तर लगेच: "धन्यवाद. दगड आणि बिळाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. राहण्याच्या जागेबद्दलची ही नोंद पेपरमध्ये घालते."

म्हणजे माझ्या दगडांचाही उपयोग झाला. हे वाचून किती बरं वाटलं, आणि ते बरं वाटल्याची किती लाज वाटली.

तक्ताही बदलला. संपूर्ण नव्याने लिहिला. "यांनी शोधलेली."

१९ ऑगस्ट

समिती येऊन गेली. हॉलमध्ये प्रत्येक जण आपापल्या तक्त्याशेजारी उभा. समितीतले एक म्हातारे गृहस्थ फिजिक्सच्या भिंतीपाशी थांबले. केशनळीबद्दल नीट, अभ्यासू प्रश्न विचारले. बोरकर सर गांगरले. उत्तरं मी दिली, सगळी. म्हातारे म्हणाले, "तुम्ही पीएच.डी. करताय का?" म्हटलं नाही, सहाय्यक आहे. "अच्छा," म्हणाले आणि पुढे गेले. तो अच्छा अजून कानात आहे.

मधोमध गर्दी. फु.ने नवीन साडी नेसली होती, जांभळ्या काठाची. काठाचा रंग तिने निवडून घेतला असणार. ती बोलत होती, समितीच्या बाई लिहून घेत होत्या. एकदा सगळे हसले. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही आणि तेव्हापासून डोक्यात तेच, काय बोलली असेल.

चूक कबूल केली की हे जाईल असं वाटलं होतं. जात नाही. आधी वाटायचं माझं काही तिच्याकडे गेलंय. आता माहीत आहे की काही गेलेलं नाही, सगळं तिचंच आहे. तरी आहेच.

३० ऑगस्ट

फु. माझ्याशी बोलते. "बाई, पाणी आलं का नळाले?" "बाई, कटरे सर कुठं?" एवढंच. जेवायला झूलॉजीतच बसते. कटरे सरांना कळलेलं नाही, कुणालाच नाही. तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मलाही तिच्यावर चिडता आलं असतं.

११ सप्टेंबर

मेश्राम मॅडमकडे गेले. म्हटलं, माझी प्रश्नावली परत मिळेल का, काही उत्तरं चुकीची भरली. त्या म्हणाल्या, नावच नाही तर कोणती तुमची, कशी शोधू? म्हटलं, निळ्या पेनाची. म्हणाल्या, "सगळ्याच निळ्या पेनाच्या आहेत, बाई. आणि पाचव्या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांनीच पूर्णपणे सहमत लिहिलंय."

मी विचारलं, "आणि सतराव्याला?" त्या म्हणाल्या, "ते आता सांगता नाही यायचं. अभ्यास सुरू आहे." पण हसू आवरत होत्या.

जिन्यावरून उतरताना जो भेटला त्याच्याकडे बघत होते. हाही? हीसुद्धा?

२८ ऑक्टोबर

बोरकर सरांना म्हटलं, पुढच्या पेपरवर माझं नाव घ्या. वीस वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. सर दचकले. "अरे, असं... म्हणजे तुम्ही रीडिंग घेता, पण..." म्हटलं, हो, सगळी मीच घेते. सर म्हणाले, बघू.

फु.मुळे एवढं बोलता आलं. तेही आवडलं नाही.

८ डिसेंबर

पेपर छापून आला. कटरे सरांनी प्रिंट काढून फु.ला दिली. सगळा इंग्रजीत.

दुपारी लॅबच्या दारात फु. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच आत आली. कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले. स्टुलावर बसली.

"वाचून दाखव. मराठीत."

म्हटलं, कटरे सर नाहीत का?

"सर घाईघाईत सांगतेत. तू समजावून सांगतेस."

माफ केलं म्हणून आली, की मला ते तोंडाने म्हणायला लावायचं म्हणून आली? तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. ती तक्ता वाचायची तसं पहिल्या पानावर बोट ठेवून बसली होती, जिथे तिचं नाव होतं. तेवढं तिला ओळखता येत होतं.

सुरुवातीपासून वाचलं. पाठीची लांबी, नांगीची रुंदी, डोळ्याची खोबण. ती मध्ये मध्ये मान हलवायची. एका जागी म्हणाली, "हे चुकलं. मादी याहून मोठी राहते." मी पेन्सिलने खूण केली. मग बिळांचा भाग आला. बिळं काठाच्या मातीत असतात, दगडाखाली ही जात आढळत नाही. माझी एक सबंध सकाळ त्या अर्ध्या ओळीत. ती माझ्याकडे बघत होती, मी कागदाकडे.

मग नावाचा परिच्छेद. मी वाचलं: "ही जात फुलवंता उईके यांच्या सन्मानार्थ त्यांच्या नावाने ओळखली जाईल. हा खेकडा वेगळा आहे हे त्यांनी प्रथम ओळखले आणि संशोधकांना दाखवले."

"तेवढं पुन्हा वाच."

वाचलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा वाचताना 'सन्मानार्थ'वर अडखळले. तिला वाटलं असेल आनंदाने. असेलही थोडा. बाकीचं काय होतं ते मला माहीत आहे. सन्मानार्थ हा शब्द मी माझ्यासाठी कधीच वाचणार नाही, ते होतं.

तिने डोळे पुसले, मग पानं उलटून पाहिली. मागे अजून दोन होती.

"यात तुह्यं नाव आहे का, बाई?"

शेवटचं पान मी सगळ्यात आधी पाहिलं होतं. सकाळीच, कटरे सरांच्या टेबलावर, उभ्याउभ्या. आभार आहेत. कटरे सर, वनरक्षक, गाडीचा ड्रायव्हर. माझं नाही.

म्हटलं, "अजून तिथवर पोचलो नाही आपण."

तिने कागद पुन्हा पिशवीत घातले, कडा नीट जुळवून. "असन तं सांगजो," म्हणाली. "मले आवडन." आणि लगेच, दारातून वळून, "नसन तरी सांगजो."